आंदण दिलेली शकुन

वलगाव,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १७८७

प्रिय सत्यभामा,

आईचा आशीर्वाद. हे पत्र तू एकटी असताना वाच. मला मोडी येत नाही, म्हणून पोथीतल्यासारखं एकेक अक्षर सुटं लिहिते आहे. तुलाही मी तेवढंच शिकवलं, तेव्हा वाचायला दुसरं कुणी लागणार नाही. घरात कुणी विचारलं तर सांग, आईने लोणच्याबद्दल लिहिलंय.

इकडे कापसाचा भाव बसला. तुझ्या नत्थुकाकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या, त्या उतरवून पेटीत ठेवल्या आहेत. दुपारी ओसरीवर बसून ते अमेरिकेच्या लोकांना शिव्या घालतात. "अजून दोन साल भांडले असते तं त्यायचं काय बिघडलं असतं?" असं म्हणतात. मी आत तूर निवडत असते. ते लोक का भांडत होते हे मला ठाऊक आहे, पण मी बोलत नाही.

मला कसं ठाऊक, ते सांगते. तुझ्या लग्नात मांडवात टांगायला मुंबईहून काचेच्या हंड्या आणल्या होत्या, त्या छापील कागदात गुंडाळलेल्या होत्या. मी ते कागद सरळ करून ठेवून दिले. तू सासरी गेल्यावर घर खायला उठलं. तुझे वडील मरीच्या साथीत गेले तेव्हाही एवढं रिकामं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तू होतीस. मग मी ते कागद काढून वाचायला बसले. एक ओळ लावायला कधी कधी एक दुपार जायची.

एका कागदात लिहिलं होतं की अमेरिकेत कापूस वेचायला काळी माणसं असतात, ती विकत घेतलेली असतात, आणि त्यांची लेकरंही जन्मतःच मालकाची होतात. एका बाजारात आईला एकाने घेतलं आणि पोरीला दुसऱ्याने. आईने त्या दुसऱ्याचे पाय धरले, तेव्हा तिला ओढून बाजूला केलं. त्याच देशातली काही माणसं, बायासुद्धा, गावोगाव उभी राहून हे पाप आहे म्हणून सांगत होती, आणि लोक त्यांना दगड मारत होते. शेवटी अर्धा देश अर्ध्या देशावर उठला. तिकडचा कापूस अडला म्हणून आपल्या कापसाला भाव आला, आणि त्या भावावर तुझं लग्न झालं.

त्या बाजाराचं वाचताना मला पहिल्यांदा राग आला, तो त्या लोकांचा. भाकरी थापता थापता मी जमुनालाही ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "त्या बाईले निदान पाय तरी धरू देले."

तुझ्या लग्नात आंदण मांडलं तो दिवस तुला आठवत असेल. घंगाळ, पराती, समया, दुभती गाय. नत्थुकाका म्हणाले, "आंदनात मानूस नसलं तं अकोल्याचे पाहुणे काय म्हनतील? नुसती भांडी घेऊन आली म्हनतील!" आपल्या घरची रीतच तशी. जमुना माझ्या आंदणात आली होती. मी नऊ वर्षांची, ती सात. एकाच गाडीत बसून आलो. वाटेभर ती आईसाठी रडत होती, आणि मी तिला गुळाचा खडा दिला होता. तेवढ्याने आपण चांगलं वागलो असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

साहेबाच्या राज्यात माणूस विकायला बंदी आहे म्हणतात. पण आपल्याकडे कोण विकतो? आपण देतो. जमुनाच्या पोरीची, शकुनची, वेणी मी घातली, तुझा जुना परकर तिला नेसवला आणि तिला घंगाळाशेजारी उभी केली. विधवा म्हणून मी दाराआड होते. नत्थुकाकांनी तिचा हात पुढे घेऊन त्यावर उदक सोडलं. एकदा पाणी सोडलं की दिलेलं परत मागता येत नाही. जमुना तेव्हा मागच्या अंगणात वऱ्हाडाची पितळी भांडी घासत होती. तिला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

परवा गाडीवान भगवंत अकोल्याहून आला. तो म्हणाला, तुझ्या नणंदेचं लग्न याच महिन्याच्या वद्यात आहे, आणि तिच्या आंदणात शकुनला निजामाच्या मुलखात धाडायचं ठरलंय. जमुना दाराशी ऐकत होती. ती रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "बाई, ते गाव किती दूर हाय? चालत किती दिवस लागतात?"

आता जे लिहायचं ते लिहिते. नत्थुकाका हट्टाला पेटले होते हे खरं, पण मी नको म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी म्हटलं नाही. मला ती पोर नजरेसमोर नको होती. तिच्या डाव्या हाताची करंगळी बघ, सत्यभामा, आणि मग तुझी बघ. तशी वाकडी करंगळी या घरात आणखी एकाच माणसाची होती, आणि त्याच्या नावाने मी अजून एकादशी धरते. जमुनाने मला कधी काही सांगितलं नाही. नाही म्हणायची सोय तिला नव्हती, आणि मी विचारलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं. माझा राग जिच्यावर काढायला नको होता तिच्यावर मी तो काढला. तुझीच बहीण तुला आंदण दिली.

मला शकुन परत मागता येत नाही. नत्थुकाकांनाही येत नाही. पण आंदण बाईचं स्वतःचं असतं. त्यावर सासऱ्याचा हक्क नाही, नवऱ्याचा नाही. तू नाही म्हणालीस तर तिला कुणी नेऊ शकत नाही. नाही एवढंच म्हणून थांबू नकोस. तुळशीपाशी उभी राहा, तिचा हात पुढे घे, त्यावर पाणी सोड आणि तिचं तिलाच देऊन टाक. तुझ्यावर आग पाखडतील, बोल लावतील, माहेर काढतील. मला ठाऊक आहे, आणि तरी मी तुझ्याकडे हे मागते आहे. आज सकाळी मी जमुनाच्या हातावर तसंच पाणी सोडलं. तिने हात पदराला पुसला आणि विचारलं, "आता भाकरी टाकू काय?" इतक्या उशिरा दिलेल्या पाण्याचं तिने दुसरं काय करावं?

हे पत्र घेऊन जमुनाच आली आहे. गाडीत बस म्हटलं तर नको म्हणाली, चालतच जाईन म्हणाली. मी काय लिहिलंय ते तिला माहीत नाही, तिने विचारलंही नाही. दोघींनी माझ्याकडे परत यावं असं मी म्हणत नाही, कुठे जायचं ते त्याच ठरवतील. ती आत येणार नाही, मागच्या दाराशी बसली असेल. हा कागद घडी घालून ठेव आणि शकुनला तिच्याकडे घेऊन जा.

तुझीच,
आई