शून्य गुन्ह्यांचं गाव

२ डिसेंबर
निबंधाचा विषय पक्का: गुन्हे, गरिबी आणि मतदान. ३१ जानेवारीला बीडच्या परिषदेत वाचायचा. गाजला की कॉलेजातली तासिकेवरची नोकरी कायम. सिद्धान्त तयार आहे, फक्त पुरावे गोळा करायचेत. नेकनूरजवळचं आमचं गाव गरीब, तरी चार वर्षांत गुन्हे शून्य. मतं एकगठ्ठा विजयसिंहभाऊंच्या पक्षाला. ओढ्यापलीकडचं गाव तितकंच गरीब, पक्ष दुसरा, गुन्हे एकोणीस. म्हणजे गुन्ह्यांचा संबंध गरिबीशी नाही, मतांशी. रोज दोन पानं लिहायची.

९ डिसेंबर
पान झालं नाही. तक्त्याच्या रेघा मारल्या. ठाण्यात जमादार गहिनीनाथ हसले. म्हणाले, सर, तुमच्या गावची भांडणं भाऊंच्या ओसरीवरच मिटतात, हितवर येतात कुठं?
नोंद: पक्षाचं सामाजिक कार्य.

१५ डिसेंबर
शिरूर कासारकडच्या गावांतही हिवाळ्यात गुन्हे नाहीत. तिकडचा ओळखीचा शहादेव ऊसतोडीला गेलाय. त्याला फोन केला. म्हणाला, गावात माणूसच न्हाई सर, चोरी कोण करील आन् कोनाची?
तळटीप देऊ. बारीक अक्षरात.

२८ डिसेंबर, सकाळ
विहिरीवरची मोटार चोरीला गेली. केबलसकट. बायको, रोहिणी, म्हणाली, आत्ता ठाण्यात जा. तिला समजावलं: तक्ता डिसेंबरअखेरचा आहे. चार दिवस थांबलो तर गुन्हा पुढच्या वर्षात पडतो. ती म्हणाली, गहू माना टाकायलाय, त्याला तुमचं शून्य पाजू का?
संशोधकाच्या घरात असं बोलू नये.

१ जानेवारी
ठाण्यात गेलो. गहिनीनाथ म्हणाले, चार दिवस कावून थांबलात? कारण विचारलं तसा मी तक्ता पिशवीत सरकवला. त्यांनी तक्रार लिहिली नाही, भाऊंना फोन लावून माझ्या हातात दिला. भाऊ म्हणाले, मास्तर, आपल्या गावात चोऱ्या होत न्हाईत, तुमीच तर लिव्हायलाव. सांजच्याला मोटार घरी येईल.
आली.

२ जानेवारी
आमची मोटार निळी. ही हिरवी. रोहिणीनं अंगावर कोरलेलं नाव दाखवलं: तात्याबा. मी म्हणालो, कुणी कार्यकर्त्यानं दिली असेल. ती म्हणाली, तात्याबा ओढ्यापलीकडचा हाय, त्यो कावून दील?
बसवली. पाणी चांगलं ओढते.

६ जानेवारी
पलीकडच्या गावात आणखी एक गुन्हा. मोटारचोरी. एकूण वीस. सिद्धान्त बळकट झाला. तक्ता जानेवारीपर्यंत वाढवला.
पानं अजून शून्य.

१३ जानेवारी, दुपार
गहिनीनाथ तात्याबाला घेऊन मळ्यात आले. तात्याबानं लांबूनच ओळखली. मला म्हणाला, सर, नाव तरी खरवडायचं. भाऊंना फोन केला. भाऊ जमादारांना म्हणाले, कोन मास्तर? ते आपल्या पक्षाचे न्हाईत.
मोटार जप्त. आरोपीच्या जागी माझं नाव.

१४ जानेवारी
प्राचार्यांचा फोन. निकाल लागेपर्यंत तासिकेला येऊ नका म्हणाले. रोहिणी कळशीनं गव्हाला पाणी घालतेय.
चोरी ओढ्यापलीकडं झाली, म्हणून गुन्हा त्याच गावात मोजणार. गहिनीनाथांना दोनदा विचारून खात्री केली.
आमचं गाव अजून शून्य.