बाबांचा कॉम्प्युटर तुझ्या शहरात बसतो

३ नोव्हेंबर

चि. सौ. छकुलीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला, गुडघा आहे तसाच आहे. फोन सोडून ही पत्र लिहायला का बसली, असं तुला वाटेल. तर आपल्या घराला दोनच खोल्या आणि बाबांचे कान दोन्हीकडे असतात. शिवाय मला जे सांगायचंय ते तोंडाने बोलले तर माझी मलाच लाज वाटेल.

तू पाठवलेला कॉम्प्युटर छान चालतो. त्याच्यासोबत दिलेला तुमचा जुना वायफायचा डबाही कुरकुर करत नाही. पण एक भानगड आहे. त्या कॉम्प्युटरला वाटतं, आपण तुझ्या शहरात राहतो. हवामान तुझ्याकडचं, बातम्या तुझ्याकडच्या. परवा बाबांच्या गोळ्यांसाठी जवळचं औषधांचं दुकान शोधलं, तर तुझ्या घरामागचं दाखवलं. चांगली चारशे किलोमीटरची चूक.

आणि बाबांना ती चालते. तीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात काढलेला माणूस, वीतभर हद्दीसाठी अख्खा दिवस उन्हात साखळी धरून उभा राहायचा. त्याला आता चारशे किलोमीटर इकडेतिकडे झाले तरी काही वाटत नाही. मी चष्म्याच्या दुकानातून कामावरून येऊन दारात चप्पल काढते तोवर सुरू होतात. छकुलीकडे धुकं आहे, छकुलीकडे पारा अकरावर आलाय, तिने स्वेटर घातला असेल का. काल मी घरी पोचेपर्यंत छत्री दोनदा उलटी झाली. अंगावरचा एक धागा कोरडा नव्हता. बाबांनी मान वर करून मला पाहिलं आणि सांगितलं की छकुलीकडे आज लख्ख ऊन आहे.

आता आडपडदा कशाला ठेवू? माझ्या पोटात दुखतं. मी पाच वर्षांची असताना तू आलीस आणि त्या दिवसापासून मी ताई झाले. बाबासुद्धा मला ताईच म्हणतात. तू मात्र चाळिशी उलटली तरी छकुली. एवढं मी गिळलं. पण तुझं ऊन नि तुझं धुकंही माझ्याच घरात येऊन बसणार असेल, तर ते मला सोसवत नाही. हे दुरुस्त कसं करायचं ते एकेक पायरी करून लिहून पाठव. मी चष्म्याच्या काचा घासणारी बाई आहे, हे लक्षात ठेवून लिही.

कळावे. लोभ तुझ्या वाट्याला चिकार आला आहे, त्यातला थोडा इकडे वळवावा.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
छकुलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी लॅबमध्ये नेलं, हीच चूक झाली. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना डोळा तुझ्या पत्राकडे. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नळीवर बाळंतिणीची चिठ्ठी लागता लागता राहिली.

बिघाड कुठे आहे ते घरी आमच्या ह्यांना विचारून घेतलं. दोष त्या डब्याचा आहे. आपण कुठे आहोत हे कॉम्प्युटरला स्वतःहून कळत नाही. तो जवळच्या वायफायवरून ओळखतो. हा डबा चार वर्षं आमच्या बैठकीत होता, त्यामुळे नकाशावाल्या कंपनीच्या नोंदीत त्याचा पत्ता अजून आमचाच आहे. तो तुमच्याकडे राहायला आला हे कुणी कळवलेलंच नाही. नोंद कधीतरी आपोआप सुधारते म्हणे, पण तोवर तुझं पोट थांबायचं नाही. म्हणून असं कर. सेटिंग्ज उघड. त्यात प्रायव्हसी, त्यात लोकेशन. ठिकाण आपोआप ओळखायचं एक बटण दिसेल, ते बंद कर. खाली नेहमीचं ठिकाण विचारतील, तिथे आपल्या गावाचं नाव टाक आणि नकाशावर आपली गल्ली दाखव. मग हवामानाच्या पानावरही आपलं गाव निवड. दहा मिनिटांचं काम आहे.

राहता राहिलं पोटदुखीचं. त्याचा मक्ता एकट्या तुझ्याकडे नाही, ताई. रविवारी बाबांचा फोन सहा मिनिटं चालतो, मी घड्याळ लावून पाहिलंय. त्यातली पाच मिनिटं तू असतेस. ताईने असं केलं, ताई तसं म्हणाली, मालकाने अवघड नंबरचे चष्मे ताईकडेच सोपवले. माझी नुसती चौकशी होते, गोष्टी सगळ्या तुझ्या. वर तू त्यांच्यासोबत राहतेस. तेव्हा थोडं धुकं माझ्या नावावर राहू दिलंस तर तुझं काय जाणार होतं? पण असो. बटण बंद कर.

कळावे. लोभाचं वाटप बाबांच्या हाती आहे, माझ्यावर फक्त राग नसावा.

तुझीच,
छकुली


२१ नोव्हेंबर

चि. सौ. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. बटण बंद केलं, गाव टाकलं, गल्लीवर बोट ठेवलं. कॉम्प्युटर ताळ्यावर आला. बाबांना म्हटलं, आता बघा, आपलं घर. त्यांनी पाहिलं, बरं म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उठले. मला वाटलं, तुझं धुकं गेलं म्हणून त्यांना चुकल्यासारखं होतंय.

दुसऱ्या संध्याकाळी मी घरात येते तर बाबा सांगतायत, छकुलीकडे आज वारा फार सुटलाय. बघते तो बटण पुन्हा चालू. पुन्हा बंद केलं. तिसऱ्या दिवशी तेच. आज नववी खेप. आता मी कणीकही आधी मळत नाही. पर्स ठेवते, चहाचे दोन कप घेते आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसते. बटण कुठे आहे, ते कसं बंद करायचं, बाबांना रोज दाखवते. ते रोज नव्याने विचारतात. अर्धा तास कुठे जातो कळत नाही. कालच्या गडबडीत मी त्यांना एका गिऱ्हाइकाचा किस्सा सांगत बसले, डोक्यावर चष्मा चढवून दुकानभर तोच शोधणाऱ्याचा, आणि भाजी खाली लागली.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी प्रिंटर अडला तेव्हा तू तिकडे बसून आमचा जुना कॉम्प्युटर चालवला होतास. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी दुकानात गेले की तूच ते बटण चालू करतेस, असा मला दाट संशय आहे. काल मी बाबांनाही तसं सांगितलं. तेव्हा त्यांना ठसका लागला. छकुले, तुला मुलगा आहे, नवरा आहे, खिडकीतून दिसणारी बाग आहे. मला संध्याकाळचे एक बाबा आहेत. तिथून तरी हात काढ.

कळावे. लोभ आहेच, पण सध्या रागाखाली दबला आहे.

ताई


२५ नोव्हेंबर

चि. सौ. छकुलीस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र ताई दुकानात गेल्यावर लिहीत आहे. ती तुझ्यावर चोरीचा आळ घेते आहे आणि चोर मी आहे, म्हणून लिहिणं भाग पडलं.

ते बटण मी चालू करतो. रोज साडेसहाच्या सुमारास, ती यायच्या आधी. पहिली चूक डब्याने केली, पुढच्या सगळ्या माझ्या. तुझी आई गेल्यापासून ताई दारातून आत येते ती थेट ओट्यापाशी जाते. गोळ्या घेतल्या का, एवढं विचारते. मी हो म्हणतो. संपलं बोलणं. तिचा दोष नाही, दिवसभर उभी असते. पण ज्या दिवशी मी तुझ्याकडे धुकं आहे असं म्हटलं, त्या दिवशी ती हातातलं काम टाकून तणतणत बाहेर आली आणि स्क्रीनसमोर बसली. दुसऱ्या दिवशी तुझ्या थंडीचं काढलं, तरी आली. मग मला युक्ती सापडली. तू बटण बंद करायला शिकवलंस, तेव्हा घाबरलो होतो. पण तेच बटण चालूही करता येतं, हे तिने दाखवता दाखवता मला कळलं.

ती भिजून आली त्या दिवशीही मी तुझं ऊन काढलं. ते फार चुकलं. ती तशीच आत गेली. मी टॉवेल घेऊन उठलो, पण गुडघ्याने वेळ लावला आणि तोवर तिने दार लावून घेतलं होतं.

आता ती शेजारी बसते. माझ्यावर वैतागते, दुकानातलं सांगते. परवा हसली, अगदी तोंडावर हात ठेवून, लहानपणी हसायची तशी. हद्दीची खोटी खूण मी नोकरीत एकदाही लावली नाही. या वयात लावतो आहे. तर एक कर. याच्यावर कायमचा उपाय तुला माहीत असेल तर तिला सांगू नकोस, आणि हे पत्रही तिला दाखवू नकोस.

जावयांना आशीर्वाद, नातवाला पापा. माया आहे तशीच आहे, कमी झालेली नाही.

तुझे,
बाबा


७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत बाबांचं पत्र आहे. आधी ते वाच, मग हे.

ते माझ्याकडे नऊ दिवस पडून होतं. बाबांनी दाखवू नको म्हटलं म्हणून मी थांबले, असं सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. मी जळले, ताई. तीन आठवडे माझा समज होता की बाबा सकाळ-संध्याकाळ माझं आभाळ बघतात. मी इकडे बाल्कनीत कपडे वाळत घालताना वर बघायचे आणि मनात म्हणायचे, आता बाबांना कळेल, छकुलीकडे ऊन पडलंय. आणि ते माझं ऊन काढत होते तुला ओट्यापासून उठवायला. पत्र वाचून मी इतकी रडले की आमच्या ह्यांना वाटलं बाबांना काही झालं.

तुला पाठवायचंच नाही, असं ठरवलं होतं. म्हटलं, राहू दे हिला चिडलेली, हिला रोज अर्धा तास मिळतोच आहे, वर आनंदही कशाला? मग काल तुझं पत्र पुन्हा काढलं. एक बाबा आहेत, असं तू लिहिलंयस. ते तुझे आहेत हे तुलाच माहीत नाही, आणि मला माहीत असून मी गप्प, हे मला झोपू देईना. म्हणून बाबांची आज्ञा मोडून पाठवते आहे. तुला कळलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस. बटण रोज बंद करत जा.

मी दहा दिवसांची रजा टाकली आहे. वीस तारखेला येते, एकटीच. ह्यांना आणि चिरंजीवांना इथेच ठेवून येते. तुला कुठे फिरायला न्यायला, स्वयंपाकात मदत करायला, असलं काहीही मनात धरून येत नाही. मला बाबांशेजारी बसायचं आहे. तेव्हा ताई, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे मागते, नाही म्हणू नकोस. ते दहा दिवस तू दुकानातून उशिरा ये.

कळावे. लोभ असावा, आणि त्या दहा दिवसांत तो जरा लांबूनच असावा.

तुझी,
छकुली