बारशातलं माझं भाषण

खामगाव, मार्च १९४९

प्रिय मनकर्णा,

तुझ्या दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून लिहितो आहे. सकाळी तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. तू पाठमोरी निजली होतीस. भरल्या सभेत कधी न अडखळलेला तुझा भाऊ पहिला शब्दच न सापडल्यामुळे मागे फिरला.

तुझी आशा बरी आहे. पोरीसाठी इथवर आलेली शेजारची सुगराबी तिला आपल्या तान्ह्या जहांगीरबरोबर अंगावर घेते. "दोघं बी माह्येच," म्हणते. पण पोट भरलं तरी पोर मान वळवून शोधत राहते.

मने, बारशाचा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाळण्याभोवती बाया जमल्या होत्या. तुझ्या पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांनी पाजायला हरकत नाही म्हटलंय, असं तुझी वहिनी गोजर सहज बोलून गेली. झालं, मी उभा राहिलो. परदेशात सडका चारा खाऊन गुरं रक्त वाहून मेली आणि त्या चाऱ्यातूनच हे औषध निघालं, एवढं मी वाचलेलं होतं. तेवढंच. पण आवाज चढवायला तेवढं पुरलं. गाईचं रक्त थांबलं नाही, तिथे या कोवळ्या जीवाचं काय? स्वतःच्या पायापायी लेकराला विष पाजते ती कसली आई? झुंबरबाईने डोळ्यांना पदर लावला. माझा शब्द लागला याचं मला सुख झालं. तू मान खाली घालून बसली होतीस.

तू पाजणं सोडलं नाहीस, गुपचूप गोळ्या सोडल्यास. पाय पुन्हा सुजला, छातीत कळ आली, श्वास पुरेना. मी तेव्हा डोणगावच्या सभेत लोकांना निर्भय व्हा म्हणून सांगत होतो. गोजरने तुला एकटीने मोटारीत घालून इथे आणलं. वाटभर तू म्हणत होतीस, "वहिनी, भाऊले सांगजा नोको."

डॉक्टरांनी मला झाडलं. गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेला होता; मरता मरता वाचलीस. या गोळ्या घेणाऱ्या बायांनी पाजलंय, दुधातून औषध फारसं उतरत नाही, लेकरं नीट राहिली आहेत, असं त्यांचं म्हणणं. तुझं रक्त वरचेवर तपासायचं. बाळाच्या अंगावर निळे डाग दिसले, बेंबीतून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच आणायचं. हे सगळं त्यांनी तुला आधीच सांगितलं होतं. मी ना त्यांना विचारलं, ना तुला.

आपल्या गावी उंद्रीला परत जाऊन मी त्याच बायांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, मी चुकीचं बोललो. एवढंच बोलून खाली बसलो. सुगराबी म्हणाली, "भाऊ, आज तं लय लवकर आटोपलं!" बाया हसल्या. सगळ्यांत मोठ्याने तुझी वहिनी.

आणि आज इथली नर्स सांगते, तू गोळ्या घेतेस, पण काल पोरीला जवळ आणलं तर परत धाडलीस. दूध पिळून टाकतेस. डॉक्टरांनी समजावलं तर म्हणालीस, "माह्या भाऊनं येवढे पुस्तकं वाचले, तो खोटं काऊन सांगन?" मने, तुझ्या या विश्वासाने मला जेवढं खाली पाहायला लावलं, तेवढं डॉक्टरांच्या बोलण्याने नाही लावलं. असं चाललं तर दूध आटेल. ज्याचं ऐकून तू पोरीला दूर केलंस त्यालाच ते खोडावं लागेल, म्हणून हे लिहिलं. मी चुकलो. गोळी घे आणि आशाला पाज. हे पत्र आणि तिला घेऊन गोजर तुझ्या दारात उभी आहे. पोर सकाळपासून उपाशी आहे. सुगराबीला आज मीच नको म्हणालो. मला आत बोलावू नकोस. फक्त तिला घे.

तुझाच,
निवृत्तीभाऊ