डावीकडची कोरी पानं

मनमाड, ३ एप्रिल २०२५

चि. संजनास, सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

तुझ्या फोटोबुकाची नमुना प्रत मिळाली. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवतो. तुझी आई गेल्यावर वर्षभर दर रविवारी नाशिकहून येऊन तू घराचे फोटो काढलेस, त्याचं हे पुस्तक झालं. शेजारच्या भागुबाईंनी विचारलं, डावीकडची सगळी पानं कोरी का? मी म्हटलं, आमच्या लेकीला छापखान्याने गंडवलं.

छापायला माझा होकार मागतेस, तर आधी चुका ऐक. शिलाई मशीनवर तू सकाळचं ऊन घेतलंस. तुझी आई मशीनवर संध्याकाळी बसायची. गॅसच्या फोटोत पातेलंच नाही. दोन्ही पुन्हा काढावे लागतील. एखाद्या रविवारी ये.

माया असू दे.
तुझे बाबा

नाशिक, ९ एप्रिल २०२५

ती. बाबांस, सविनय जय भीम.

कोणी गंडवलेलं नाही हो. आई नेहमी तुमच्या डाव्या हाताला बसायची, म्हणून ती पानं कोरी ठेवली. उजवीकडचे फोटो मुद्दाम लहान घेतले. भोवती एवढं पांढरं सोडलं की पानं उलटताना घर फार मोठं झाल्यासारखं वाटतं. आधी तिची कात्री येते, मग चपला, मग तुम्ही पाठमोरे. तिचा चेहरा एकदाच, शेवटच्या पानावर.

मशीनवरचं ऊन संगणकावर संध्याकाळचं केलं, गॅसचा फोटो वगळला. आता तुम्हाला पुन्हा त्रास नाही. महिनाअखेरीस छपाई आहे, तेव्हा होकार लवकर कळवा. आणि नुसत्या चहा-खारीवर राहू नका.

तुमची माया आहेच, ती राहो.
तुमची संजना

मनमाड, १५ एप्रिल २०२५

चि. संजनास, सप्रेम जय भीम.

काल जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. घरात खीर करणारं कोणी नव्हतं, भागुबाईंनी वाटीभर आणून दिली.

डाव्या पानांचं पटलं. पुस्तक पुढ्यात घेऊन बराच वेळ बसलो होतो. पण संगणकावरचं ऊन खोटं दिसेल. दारातला कडुलिंब तुझ्या फोटोत बोडका आहे, आता त्याला मोहोर आलाय. पाठमोऱ्या फोटोत माझी कॉलर वाकडी आहे. हे नव्याने काढल्याशिवाय होकार मिळणार नाही.

तुझे बाबा

नाशिक, १९ एप्रिल २०२५

ती. बाबांस, सविनय जय भीम.

पत्र वाचून आधी चिडले. छपाई हातची जाते की काय, असं वाटलं. मग लक्षात आलं, तुम्ही काढलेली एकही चूक नाशिकला बसून दुरुस्त होणारी नाही. पुस्तक पुरं झालं आणि मी यायची थांबले. इतकं साधं मला कळू नये, याची लाज वाटते.

पुस्तकाचं काहीही होवो, सत्तावीस तारखेच्या रविवारी येते. कॅमेरा आणत नाही, नुसती तुम्हाला भेटायला येते.

तुमची संजना

मनमाड, २३ एप्रिल २०२५

चि. संजनास, सप्रेम जय भीम.

पुस्तक छापायला दे. त्यात काही खोट नाही.

कॅमेरा मात्र आण. तू लहान होतीस तेव्हापासून आपल्या दोघांमधलं बोलणं तुझी आईच करायची. तुझं मला सांगायची, माझं तुला. मागचं वर्षभर तू "बाबा, जरा उजेडात सरका" म्हणायचीस आणि मी सरकायचो, तेवढंच आपलं बोलणं. कॅमेरा नसला तर समोरासमोर बसून तुझ्याशी काय बोलायचं, मला माहीत नाही.

तुझे बाबा