अकरा पोगेनकोल्क

बिलरहोर्स्ट, ११ मार्च २०१९

प्रिय बाबा,

घटस्फोट झालेल्या सुनेने सासऱ्यांना काय म्हणावं याचा नियम कुणी केलेला नाही, म्हणून जुनंच चालू ठेवते. खोकला गेल्याचं तुमच्या शेजारच्या हेडविगकडून कळलं, बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात ईस्टरच्या आधीची गर्दी आहे. दरवर्षी याच सुमारास गावाला एकदम आठवतं की आपल्याला नीट दिसत नाही.

सायकलने येण्यासारख्या अंतरावर राहून ही टपालाने पत्र काय पाठवते, असं वाटत असेल तर दार उघडत चला. मी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तुमचे बूट पायरीवर होते आणि आत रेडिओ चालू होता.

मुद्द्याचं लिहिते. जूनमध्ये मी लग्न करते आहे, योखेन म्युलरशी. तुम्ही त्याला ओळखता, शाळेची बस चालवतो. बातमी तुम्हाला हेडविगने आधीच दिली आहे, आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात तेही मला तिनेच सांगितलं. "लग्न करू दे की दहा वेळा! पण माझं नाव त्या म्युलरला? नाव म्हणजे काय बसमधली सीट आहे, एक उठला की दुसरा बसला?"

मी ते योखेनला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, तिकीट काढून बसतोय."

तो हसला, मला काही हसू आलं नाही. कारण तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मी पोगेनकोल्कच राहणार आहे, आणि योखेनही पोगेनकोल्क होणार आहे. कायद्याने तसं करता येतं, विवाह नोंदणीच्या कचेरीतल्या बाईंनी खात्री करून दिली. पण कायदा दाखवून तुमचं तोंड बंद करायचं असतं तर मी पत्र लिहायला बसलेच नसते.

मागच्या शनिवारी पेपरात 'दुर्मिळ आडनावं' या पानावर तुमचा फोटो पाहिला. टोपी छान दिसते. त्या वार्ताहर मुलीने तुमच्याकडून सगळं नीट काढून घेतलंय. पोगे म्हणजे आपल्या जुन्या बोलीत बेडूक, कोल्क म्हणजे पुराने खणलेला डोह. बेडकांच्या डोहाकाठी शेत, म्हणून शेताला ते नाव, आणि शेतावरून माणसांना. डोह बुजवून आता तिथे मका लावतात, हेही आलंय. शाळेत मागच्या बाकावरची पोरं डरांव डरांव करायची, हे मात्र तुम्ही गाळलंत. तुमच्या वेळी करायची, तुमच्या मुलाच्या, लुडगरच्या वेळी करायची. नंतरही करायची.

मग आकडा. तिच्या हिशेबाने अख्ख्या जर्मनीत अकरा पोगेनकोल्क उरलेत, काही आपल्या म्युन्स्टरलांडात, काही ब्रेमेनकडे, बहुतेक साठीच्या पुढचे. त्या अकरांत मी धरलेली आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? टेलिफोनच्या यादीला घटस्फोट कळत नाही. म्युलर मात्र लाखांनी आहेत. योखेनच्या बस डेपोतच तीन निघाले. एकाने रजा मागितली की दुसऱ्याला मिळते.

आणि त्या आकड्याखाली ठळक अक्षरांत तुमचं वाक्य. "माझ्या मुलाबरोबर नाव संपलं. मला नातू नाही."

बाबा, ते मी दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी पेपरची घडी केली आणि त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली.

त्याबद्दल पुढे लिहिते. आधी शिंप्याचं.

नाताळात हंसाचं मटण कापताना तुम्ही दरवर्षी ती गोष्ट सांगायचा. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी शेतावर एक पोगेनकोल्क होता. तो ऐन कापणीत तापाने गेला. मागे त्याची बायको आन्ना ट्रिना, तीही बाहेरून लग्न होऊन आलेली, पदरी मूल नाही. वर्षभरात तिने दारावर कोट शिवायला येणाऱ्या हिन्रिक नावाच्या शिंप्याशी लग्न केलं. आणि आपल्याकडची तेव्हाची रीत अशी की जो शेतावर राहायला येईल त्याने शेताचं नाव घ्यायचं, मग तो कुणीही असो. "सुई घेऊन आला आणि डोहासकट शेत घेऊन बसला!" असं म्हणून तुम्ही टेबलावर मूठ आपटायचा, आणि आईंच्या वाटीतला रस्सा सांडायचा.

बाबा, आज हयात असलेले सगळे जन्माचे पोगेनकोल्क त्या शिंप्याचे वंशज आहेत. तुम्हीसुद्धा. पहिल्या पोगेनकोल्कच्या रक्ताचा थेंबही तुमच्यात नाही. एका विधवेने, जिला ते नाव लग्नातून मिळालं होतं, ते दुसऱ्या नवऱ्याला दिलं, म्हणून तुम्ही आज टोपी घालून पेपरात आहात. मी काय वेगळं करते आहे? माझ्याकडे शेत नाही एवढंच.

आता ते वाक्य.

मला माहेरचं नाव परत घेता आलं असतं. लुडगर नॉर्वेला गेला त्याच वर्षी वकिलाने विचारलं होतं. योखेननेही विचारलं, "म्युलर व्हायला तुझी काय हरकत आहे? सोपं आहे, कुणालाही लिहिता येतं." मी नाही म्हणाले. का, ते त्याला सांगायला मला सहा महिने लागले. तुम्हाला सांगायला वीस वर्षं लागली, कारण मला वाटायचं, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

दफनभूमीत तिसऱ्या रांगेत एक दगड आहे. त्यावर माल्टे पोगेनकोल्क लिहिलंय. सहा वर्षांचं आयुष्य. त्याच्यापासून वेगळ्या नावाने मी तिथे उभी राहणार नाही. कुणी अनोळखी बाई कुंडीला पाणी घालते आहे असं दगडालासुद्धा वाटता कामा नये.

तुम्हाला नातू आहे, बाबा. तुमच्या ट्रॅक्टरवर मांडीत बसायचा, आणि शाळेत पोरांनी डरांव केलं की त्यांच्याहून मोठ्याने करायचा.

गेल्या आठवड्यात दगडावर दफनभूमीच्या कचेरीने चिठ्ठी चिकटवली आहे, कबरीच्या जागेची वीस वर्षांची मुदत संपली, संपर्क साधा. मी ती नखाने खरवडून काढली आणि कचेरीत गेले. जागेचा हक्क तुमच्या नावावर आहे म्हणे. तुम्ही मुदत वाढवली नाहीत तर शरद ऋतूत दगड काढून जमीन सपाट करतील. म्हणून माझी मागणी एकच. तुम्हाला नको असेल तर तो हक्क माझ्या नावावर करून द्या. लग्नाला या किंवा येऊ नका, माझ्याशी बोला किंवा बोलू नका. पण त्या दगडाला कुणाला हात लावू देणार नाही. त्यासाठी नांगरापुढे आडवं पडावं लागलं तरी पडेन.

गेझीने


बिलरहोर्स्ट, शेतावर, १९ मार्च

गेझीने,

पत्र मिळालं. चष्मा जुना झालाय, वेळ लागला. दुकानात येईन कधीतरी.

शिंप्याची गोष्ट मी लोकांना हसवायला सांगत होतो. ती तू माझ्याच गळ्यात बांधलीस. तुझी सासू आज असती तर म्हणाली असती, बरं झालं, रस्सा तरी सांडायचा थांबेल.

ती वार्ताहर पोरगी कॉफी पिता पिता विचारत होती, नातवंडं किती? सगळेच विचारतात. 'होता' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि मान अशी वाकडी करून बघतात. मग मला उठून गोठ्यात जावं लागतं. आता गोठ्यात गाईही नाहीत. म्हणून मी 'नाही' म्हणतो आणि कॉफी ओततो. वीस वर्षं तेच म्हणतोय. ते छापतील असं वाटलं नव्हतं.

दगड मीच घडवायला दिला होता, तुला माहीत आहे. कारागिराकडे बघायला गेलो. एवढ्याशा दगडावर आमचं एवढं लांब नाव. अक्षरं लहान करावी लागली होती त्याला. मी पैसे दिले आणि घरी आलो. त्यानंतर तिकडे गेलो नाही. लोक म्हणत असतील म्हातारा दगडाचा आहे. म्हणू देत.

तू दर आठवड्याला जातेस ते मला माहीत होतं. तुझी सायकल फाटकाशी दिसते. ती दिसली की मी दुसऱ्या रस्त्याने घरी येतो.

कचेरीचं मी बघतो. तू काही नांगराबिंगरापुढे पडू नकोस, कंबर धरेल.

म्युलरचं मला पटलेलं नाही. रविवारी जेवायला घेऊन ये. फार बोलू नको म्हणावं.

आल्फोन्स


नोर्डरनाय, २७ जून २०१९

प्रिय बाबा,

आम्ही बेटावर सुखरूप पोचलो. वारा इतका आहे की योखेनची टोपी पहिल्याच दिवशी समुद्रात गेली. मासा रोज खातो आहोत. त्याला तुमच्या हातच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मटणाची आठवण येते, असं मुद्दाम लिहायला सांगितलंय. माझ्यामागे उभा राहून लिहिलं का ते बघतोय.

काही गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत, म्हणून पुन्हा पत्र.

त्या पहिल्या रविवारी तुम्ही त्याच्या पुढ्यात बशी ठेवून, बसायच्या आधीच विचारलंत, "म्युलरला काय झालं? खराब झालं का?" मला वाटलं, आता हा काहीतरी विनोद करणार आणि सगळं फिसकटणार. तो म्हणाला, "मला नाव नकोय, आल्फोन्स. मला ही हवी आहे. ही म्हणते, मुलापासून वेगळं नाव लावणार नाही. मग मी एकटाच वेगळा राहून काय करू?"

तुम्ही बराच वेळ बटाटेच वाढत राहिलात. त्याच्या बशीत जागा उरली नाही तरी वाढत होतात. मग म्हणालात, "लिहून दाखव." त्याने पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं, आणि शेवटचा क विसरला. "सगळे म्युलर हाच क खातात," तुम्ही म्हणालात आणि तुमच्या पेनाने तो घातलात. त्या क्षणी मला कळलं की आपण जिंकलो. मी जिंकले असं नाही म्हणत. आपण.

जेवणानंतर तुम्ही आपणहून कोट घातलात. दफनभूमीच्या फाटकापाशी तुम्ही थांबलात, तेव्हा योखेन मागे राहिला, हे तुम्ही पाहिलंत का? तो नंतर मला म्हणाला, "तिथे आत्ता दोनच माणसं हवी होती." तुम्ही दगडासमोर उभे राहून अक्षरांवरून अंगठा फिरवलात, एकेका अक्षरावरून, आणि म्हणालात, "वाचता येतंय की. मला वाटलं होतं, लहान झालंय." मला त्या दिवशी रडायचं नव्हतं. वीस वर्षं मी तिथे एकटी रडले आहे. त्या दिवशी मला फक्त तुमच्या शेजारी उभं राहायचं होतं.

मुदत पंचवीस वर्षांनी वाढवलीत, हे कचेरीतल्या माणसाने सांगितलं. "म्हातारेबुवा म्हणत होते याहून जास्त देता येत नाही का," तो म्हणाला.

काल हेडविगचं पाकीट आलं. आत पेपरचं कात्रण आहे, चार ओळींचं, आतल्या पानावर. 'दुर्मिळ आडनावं' या लेखातली दुरुस्ती. श्री. आल्फोन्स पोगेनकोल्क कळवतात की त्यांना माल्टे नावाचा नातू होता. हेडविग लिहिते की तुम्ही फोनवर 'आहे' म्हणाला होतात, त्यांनी 'होता' छापलं, म्हणून तुम्ही पुन्हा फोन करून भांडलात. पुरे, बाबा. त्यांना व्याकरणाची काळजी असते. आता आणखी भांडू नका.

लुडगरला मी नॉर्वेला कळवलं आहे, लग्नाचं, नावाचं आणि दगडाचंही. उत्तर नाही. तो तुमच्यासारखाच आहे, बूट पायरीवर ठेवून आत बसतो. मी आणखी एकदा लिहीन, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहीन. त्या दगडापाशी त्याचीही जागा आहे, ती मी कुणाला देणार नाही.

आम्ही पुढच्या गुरुवारी परत येतो. शुक्रवारी सकाळी तुम्हाला न्यायला येऊ. गेल्या उन्हाळ्यात दगडाभोवतीची झुडपं वाळली आहेत, नवीन लावायची आहेत, आणि माती खणायला मला तुमचा हात हवा आहे. कंबरेचं कारण सांगू नका, हेडविगकडून मला सगळं कळतं.

योखेन नमस्कार सांगतो. कालपासून हॉटेलच्या प्रत्येक कागदावर तो सही करतोय, नसलेल्या जागीसुद्धा.

तुमची सून, आणि हे मी कुणाला विचारून लिहीत नाही,

गेझीने पोगेनकोल्क