निशाणाजवळची माणसं

तालोगांग, पुनाखा
२ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. ल्हादेन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नांगर धरायच्या आत हंगामातला शेवटचा तिरंदाजीचा सामना यंदा आपल्या गावाने भरवायचा ठरला आहे, आणि पाहुणा संघ म्हणून तुमचंच रुबिगांग. तुझे केंचो भावोजी संघाचे म्होरके, म्हणजे राबायचं मी, हे ओघानं आलंच. ते फक्त धनुष्याला तेल चोळत बसणार. लाल भात, मुळा घालून डुकराचं मटण, मिरच्या आणि चीज, सगळं माझ्या डोक्यावर. गव्हाची दारू लावून झाली. शेजारणीने चाखून नाक मुरडलं, पण तिला झऱ्याचं पाणीही आंबटच लागतं.

बायकांच्या गाण्याची तालीम आमच्याच अंगणात चालते. मुख्य गाणारी मी! पाहुण्याने बाण लावला की त्याला असं डिवचायचं की त्याचा नेम चुकला पाहिजे. तुमच्या मास्तरांच्या टकलापासून सगळ्यांची बिंगं गोळा केली आहेत. जावईबापूंना, तुझ्या ग्येम्बोला सांग, सासुरवाडीला येताना कानात बोळे घालून या. रागवायचं मात्र नाही हं. मैदानावरचं मैदानावर, संध्याकाळी पंगत एकच, ही आपली जुनी रीत.

नव्या वर्षाला आलीस तेव्हा चुलीपाशी रडलीस, ते मनातून जात नाही. आता कसं आहे ते लिही. पोरींना पापे. सामन्याला नक्की यावे, ही वाट पाहणारी

तुझी ताई,
फुब झाम


रुबिगांग, वांगदी
११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं, आणि हसून होताच हे लिहायला बसले. तेव्हा सांगितलं तेच आहे, उलट वाढलंय. ग्येम्बोच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा चढलाय. अंगणात जनावर उभं आहे एवढं त्याला दिसतं, गाय की वासरू ते कळत नाही. मग मैदानाच्या पार त्या टोकाची निशाणाची फळी कुठून दिसणार? तो ऐकून बाण सोडतो, ताई. आपल्याच संघाची माणसं निशाणाला दोन्ही बाजूंनी खेटून नाचत-ओरडत असतात ना, त्या आवाजांच्या मधोमध मारतो. लोक म्हणतात, काय अंदाज आहे! मी जीव मुठीत धरून उभी असते. त्या घोळक्यात त्याचा सख्खा भाऊ रिनझिन असतो. एखाद्याला लागला म्हणजे?

दवाखान्याचं नाव काढलं तर जेवण टाकून उठतो. धनुष्य गेलं की माझ्यात उरलं काय, म्हणतो. माझं ऐकत नाही, पण केंचो भावोजींचा शब्द तो मोडायचा नाही. भावोजींनी त्याला आधीच बाजूला घेऊन सांगावं, की तू गावचा जावई, यंदा मानाच्या गादीवर बस. मानकऱ्याने बाण मारायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची अब्रू झाकली राहील आणि कुणाचा जीवही जायचा नाही. एवढं माझं कर.

धाकटीला गोवर निघालाय, त्यामुळे मी येत नाही. भावोजींना नमस्कार. तुझ्यावर भार टाकून निर्धास्त झालेली

तुझी
ल्हादेन


तालोगांग
१७ फेब्रुवारी

चि. सौ. ल्हादेनस,
अ. उ. आ.

बसवाला घाईत आहे म्हणून चारच ओळी. काळजी सोड, भावोजींना सांगते. आज ते फळ्या रंगवण्यात आहेत, उद्या सांगते. पोरीला वारा लागू देऊ नकोस.

ताई


तालोगांग
२६ फेब्रुवारी

चि. सौ. ल्हादेनस,
अ. उ. आ.

माझ्या पत्राआधी बातमी पोचली असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक.

भावोजींना सांगायचं राहिलं ग. उद्या-उद्या करता सामन्याचा दिवस उजाडला. कुठे पातेली कमी, कुठे सरपण ओलं. म्हटलं, मैदानावरच कानात घालू. जाऊन पाहते तो ग्येम्बोचा पहिला बाण फळीत, आणि कमरेला मानाची रेशमी पट्टी खोचून स्वारी नाचतेय. मला वाटलं, मारतोय की बरा! ल्हादेन उगीच भिते. तिथेच माझं चुकलं.

दुपारी सामना बरोबरीत आला. तुमच्या बायका जिभेच्या काय तिखट! माझ्या दारूला गुरांचं औषध म्हणाल्या. भावोजींचं पोट बघून, कितवा महिना, असं विचारलं. सगळं मैदान लोळलं. माझं टाळकं फिरलं, आणि नेमका ग्येम्बो बाण लावून उभा राहिला. मी गाऊन गेले, की जावईबापूंना निशाण दिसत नाही, ते ऐकून बाण मारतात, तेव्हा निशाणाजवळच्या मंडळींनी तोंड मिटून घ्यावं, नाहीतर बाण घशात जाईल.

लोक पोट धरधरून हसले. मीही हसले, ल्हादेन. मग हसणं विरत गेलं. तुमची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बहुतेक त्यांना आधीचे काही बाण आठवले असतील. मास्तर मागे सरले, त्यांच्यामागे एकेक जण. शेवटी रिनझिनसुद्धा बांधाआड गेला. ग्येम्बोला ते दिसलं नाही. तो दोरी ताणून, मान कलती करून ऐकत राहिला, आणि निशाणाकडून आवाजच येईना. तेव्हा त्याला कळलं. त्याने धनुष्य खाली घेतलं.

आम्ही जिंकलो. रात्री तो पंगतीला बसला, भात पुन्हा मागून घेतला, माझ्या हाताला चव आहे म्हणाला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. भावोजींना सगळं सांगितलं, तर मला आधी का नाही सांगितलंस म्हणून धुसफुसताहेत. जीभ हासडून टाकावीशी वाटते. म्हणशील तर तुझ्या दारात येऊन पाय धरीन, मोठी असले तरी. उत्तर पाठव, चार शिव्या का असेनात.

तुझी अभागी
ताई


रुबिगांग
९ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी सगळी पत्रं पोचली, मध्ये धाडलेली लोकरीची टोपीसुद्धा. लिहायला हात उचलत नव्हता. धाकटी आता खडखडीत बरी आहे.

ग्येम्बो आपण होऊन थिंपूला गेला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याला छान दिसायला लागलं. तू गायली नसतीस तर तो या जन्मी गेला नसता, हे खरं आहे, म्हणून लिहिते. रिनझिन घरी येऊन रडला आणि त्याला हाताला धरून मैदानावर घेऊन गेला. आता त्याला फळी दिसते. पण फळीजवळची माणसंही दिसतात, आणि त्याने दोरी ताणली की ती जराशी मागे सरतात, तेही दिसतं. मुद्दाम नाही करत बिचारी, पाय आपोआप जातात. धनुष्य त्याने रिनझिनच्या मुलाला देऊन टाकलं.

तुझ्यावर त्याचा राग नाही. मैदानावर बायका गातातच, असं म्हणतो. मी मात्र तुला सांगितलं ते गाण्यासाठी नव्हतं, ताई. मी तुला माझी बहीण म्हणून सांगितलं होतं.

त्याने मला एकदाच विचारलं, की ताईला आणखी काय काय सांगितलंयस. मी म्हटलं, काही नाही. तो बरं म्हणाला. तेव्हापासून आमच्या घरात भांडण नाही, अबोला नाही, सगळं गोडीत चाललंय. फक्त तो मला काही सांगत नाही. ऑपरेशनच्या वेळी तो घाबरला होता का, हे मी तुला कळवू शकत नाही, कारण ते मलाच माहीत नाही.

लावणी उरकली की भावोजींना घेऊन ये. दार उघडं आहे. माया आहे तशीच आहे, तिच्यात कमी-जास्त झालेलं नाही. पत्रात मात्र यापुढे पाऊसपाणीच असेल, तेवढं गोड मानून घे.

तुझी
ल्हादेन