इंटरवलच्या पुढचं

अप्पा,

मागच्या आठवड्यात तिनं तुमच्याबद्दल लिहिलं. तिला वाटतंय की माझ्याबद्दल लिहिलं. ती म्हणजे कॉलेजात आमच्या पिक्चरवाल्या टोळक्यात होती ती. जिच्यापायी मी अर्धा अर्धा तास भांग पाडत बसायचो आणि तुम्ही मोरीतून ओरडायचात, "आरसा झिजंल रं, मला दाढीपुरता ठेव." ती आता पुण्यात असते, नोकरी करते, आणि फोनवर तिचं एक पान आहे. पाहिलेल्या पिक्चरांबद्दल ती तिथं लिहिते. खाली लोक आपापलं सांगतात, हा बघा, तो चुकूनही बघू नका, भांडतात, एकमेकांना यादी देतात. मी तिथं कधी काही लिहीत नाही. नुसता वाचतो, सात वर्षं झाली. तर तिनं लिहिलं की कॉलेजात असताना एका मित्रानं एका जुन्या पिक्चरचा शेवट सांगितला होता. सगळ्या पिक्चरभर दुसऱ्यांना वाढत राहिलेली आई शेवटी ताटावर बसते, थोरला मुलगा तिला वाढतो, पहिला घास तिच्या तोंडात जातो आणि पिक्चर संपतो. "मी तो आता शोधून पाहिला," ती लिहिते, "त्यात असा शेवटच नाही. पण मला अजून त्या मित्राचाच शेवट खरा वाटतो. तेव्हापासून कुठलाही पिक्चर पाहताना मी आधी हे बघते, आई जेवते का." खाली बदामांची रांग लागली होती. एकानं विचारलं होतं, कोण हा मित्र, काय नजर आहे. मी कंपनीच्या कँटीनमध्ये होतो. पुढं ताट होतं, ते तसंच सरकवून दिलं.

पिक्चरची गोष्ट सांगणं म्हणजे काय, ते मी तुमच्या बसमध्ये शिकलो. सुट्टीत एकदा तुम्ही मला कंपनी दाखवायला नेलं होतं, फर्स्ट शिफ्टच्या बसनं, मुकुंदवाडीपासून वाळूजपर्यंत. बस बाबा पेट्रोल पंपाला पोचायच्या आत मागून आवाज आला, "काय मग आप्पा, किती?" आणि तुम्ही मागं न बघता एक बोट वर केलं. मला वाटलं कुणाला तरी थांबायला सांगताय. मग कळलं की तो तुमचा निकाल होता. तुमच्या बसमध्ये पिक्चर डुलक्यांवर मोजायचे. पहाटे पाचला उठलेला माणूस, आठ तास पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहून साडेतीनला सुटलेला, तो थेट थेटरात जाऊन अंधारात बसला तर त्याला झोप लागणारच. लागली नाही तर तो पिक्चर. एक डुलकी म्हणजे जाऊन या. दोन म्हणजे घरीच झोपा. तीन बोटं वर झाली की सगळी बस हसायची. आणि क्वचित कधी तुम्ही मूठ मिटून वर धरायचात. बिनडुलकीचा. मग त्या आठवड्यात अर्धी बस तिकिटाच्या खिडकीवर. दुसरा नियम असा की गोष्ट सांगायची ती इंटरवलपर्यंतच. पुढचं कुणी विचारलं तर स्टोअरमधले काका म्हणायचे, "पुढचं थेटरात मिळंल, पायानं जावं लागंल." तुम्ही सांगायला लागलात की ड्रायव्हर रेडिओ बारीक करायचा. मी तुमच्या मांडीला टेकून ऐकत होतो, आणि मला वाटत होतं की माझा बाप ह्या बसचा मालक आहे.

तो आईवाला पिक्चर त्याच वर्षी तुम्ही मला दाखवलात. मी नऊ वर्षांचा असेन. इंटरवलला समोसा खाल्ला आणि त्यानंतर मी तुमच्या खांद्यावर जो झोपलो तो सायकलवर उठलो. घरी येऊन भोकाड पसरलं, शेवट बघायचा राहिला म्हणून. आई चुलीपुढं नव्हे, गॅसच्या शेगडीपुढं पाटावर बसून भाकरी थापत होती. शेगडी खाली ठेवायची सवय तिची गावाकडून, करमाडहून आलेली. तुम्ही शर्ट न काढताच तिथं भिंतीला टेकलात. शर्टाला प्रेसच्या तेलाचा वास. म्हणालात, "नियम मोडायला लावतंय बघ हे पोरगं," आणि इंटरवलच्या पुढचं सगळं सांगितलंत. घर विकायला निघतं ते, धाकटा पळून जातो ते, थोरला परत येतो ते. आणि मग तो शेवट. तुम्ही सांगताय, "तो म्हणतो, माय, आज तू बस. ती म्हणती, तुमचं होऊ दे. तो म्हणतो, आमचं लई झालं." आईचा हात परातीत थांबलेला. ती म्हणाली, "असलं कुठं दाखवतेत व्हय?" तुम्ही म्हणालात, "दाखवलं की. बिनडुलकीचा हाय." त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी स्वतः शेकल्यात, वाकड्यातिकड्या, आणि आईला म्हणालात, गरम हाय तोवर खा.

आता चोरीचं सांगतो. कॉलेजच्या मागच्या टपरीवर आम्ही सहाजण बसायचो आणि पिक्चरांवर बोलायचो. बाकीचे कॅमेरा कसा फिरला, रंग कसे होते असलं बोलायचे, आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. एक दिवस ती म्हणाली, "तू सांग ना, तुला काय आवडतं?" मी तुमचा तो शेवट सांगितला. घरची परात वगळून. ती चहा प्यायचीच विसरली. मग म्हणाली, "तू वेगळंच बघतोस रे." अप्पा, त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. रोज घरी आलो की तुमच्यापुढं बसायचो, अप्पा, परवाचा कसा वाटला? तुम्हाला वाटायचं पोरगं जवळ बसतंय. तुम्ही खुलायचात. "हिरो कामगार दाखवलाय, पण ग्लास कसा धरतो बघ. पाची बोटं कशी मऊ. त्याला मशीन माहीत नाय. वाईट नाय केलंय त्यानं, घाई केली." दुसऱ्या दिवशी टपरीवर तेच माझ्या तोंडून. मी काय करायचो, तर 'नाय'चं 'नाही' करायचो, तुमची शिफ्ट काढून टाकायचो आणि मध्ये जरा थांबायचो, जणू आत्ताच सुचलंय. ती वहीत लिहून घ्यायची. माझ्या नावानं.

मग तो दिवस. तुम्हाला तो विसरता आला नसेल. आम्ही सहाजण संध्याकाळच्या खेळाला गेलो होतो. इंटरवलला बाहेर आलो तर काउंटरवर तुम्ही, कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात पास, हातात कागदावर एक समोसा. बसमधून थेट आलेले. ती म्हणाली, "हे तुझे बाबा ना? फोटोत पाहिलेत." तुम्ही एकदम खूश. पोरगी पिक्चरची शौकीन आहे म्हटल्यावर तर विचारूच नका. "कसा वाटतोय ताई?" ती म्हणाली, "तुम्ही सांगा काका." आणि तुम्ही सांगायला लागलात, तसंच, बसमध्ये सांगता तसं, "बघा, सगळे जेवले ना घरातले? म्हातारा जेवला, पोरं जेवली, पाव्हणे जेवले. ती माय कधी जेवली? कुणालाच दिसली नाय. आमच्यासारख्यालाच दिसतं ते..." तिची मान हळूच माझ्याकडं वळली. ती हसत होती अजून, पण विचारत होती. "हे तर तू म्हणतोस ना नेहमी?"

एवढंच म्हणायचं होतं मला, की व्हय, यांचंच आहे. तीन शब्द. माझं डोकं तापलं. मी सगळ्यांपुढं म्हणालो, "अप्पा, मी घरी बोलतो ते पाठ करून इथं माझ्याच मित्रांना ऐकवता का? अर्धा पिक्चर तर तुम्ही झोपून काढता." टोळक्यातला एकजण फिसकन हसला. मग बाकीचे हसले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही. प्रेसमधनं निघालेला नग उचलून बघायचात ना, कुठं बिघडलं ते, तसं. आणि मग तुम्ही तिला म्हणालात, "व्हय. पोरगंच सांगतं घरी. आपल्याला कुठलं एवढं कळतंय?" समोसा माझ्या हातात ठेवलात. "खा, गरम हाय." आणि आत गेलात.

त्यानंतर तुम्ही घरी मला पिक्चरबद्दल काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचात, "बरा होता." रागावून नव्हे, तुम्हाला बहुतेक वाटलं असेल की पोराला अडचण होते. आणि माझं दुकान बंद पडलं. टपरीवर नवा पिक्चर निघाला की मी गप्प, नाहीतर आवाज चढवून काहीतरी. एकदा तोच फिसकन हसणारा म्हणाला, "थांबा रे, हा घरी विचारून येईल." मी हातातला चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर फेकला. भुवईला टाके पडले त्याच्या. सर म्हणाले, माफी माग, प्रकरण मिटवतो. तुम्ही अर्धी शिफ्ट टाकून आलात, त्याच निळ्या शर्टात, सरांपुढं उभे राहून म्हणालात, "डोक्यानं गरम हाय सर, मनानं वाईट नाय." मी तुमच्याकडं न बघता बाहेर पडलो आणि परत त्या फाटकातून आत गेलो नाही. ती गेटपर्यंत आली होती. म्हणाली, "ग्लासाचं जाऊ दे. तुला 'चुकलं' म्हणताच येत नाही." त्यानंतर आम्ही बोललो नाही. आठ महिन्यांनी तुम्ही गेलात.

तुमच्या जागी कंपनीनं मला घेतलं. पहिल्या दिवशी बसमध्ये चढलो तर तुमची खिडकीची जागा मोकळी ठेवलेली. मी उभाच राहिलो, तर स्टोअरमधले काका म्हणाले, "बस की. तुझीच हाय. आप्पा शेवटी शेवटी सगळं तुझंच सांगायचे." मी विचारलं, माझं काय? "अरे, पिक्चरचं. आधी स्वतःचं सांगायचे, मग बदलले. दरवेळी सुरुवातच, 'आमचं पोरगं म्हणतं'. पोरगं लई बारीक बघतं म्हणायचे." बाबा पेट्रोल पंप आला आणि मागून कुणीतरी विचारलं, "काय मग छोटे आप्पा, किती?"

सात वर्षं मी बोटं दाखवतोय. कशीही. एक, दोन. मूठ कधी धरली नाही. मला खरं सांगायचं तर पिक्चरमधलं काही दिसत नाही, अप्पा. मी बघत बसतो आणि वाट बघतो की तुम्ही काय म्हणाला असतात.

तिचं लिहिलेलं वाचल्यावर मीही तो पिक्चर फोनवर पाहिला. खरंच नाही तो शेवट. शेवटी लग्न आहे, सगळे फोटोला उभे राहतात, आणि आई पेढ्यांचं ताट घेऊन चौकटीबाहेर जाते. आईला विचारलं, तर ती कांदा चिरता चिरता हसायला लागली. "तुम्ही दोघंबी झोपले होते. मागून मला म्हणले, डोअरकीपरनं उठवलं. त्या टायमाला सांगायचे नाय कुणाला, दुसऱ्या दिवशी बसमध्ये बिनडुलकीची मूठ दाखवून बसले होते ना." मग हसणं थांबवून म्हणाली, "भाकरी मात्र जळक्या होत्या." म्हणजे जे मी टपरीवर तिला दिलं, जे तिनं वहीत लिहिलं आणि आता पुण्यात लोक ज्याला बदाम टाकताहेत, ते कुठल्या पिक्चरचं नव्हतंच. ते आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या पुढ्यात, तुम्ही केलेलं होतं.

तिच्या त्या लिहिण्याखाली मी टाईप केलं, 'हा शेवट माझ्या वडिलांचा आहे.' पाच शब्द. पुसले. परत लिहिले. परत पुसले. मग ही वही काढली. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही विचारणार नाही.

उद्या बसमध्ये काय सांगायचं, ठरलं नाही. पण एक गोष्ट तुमच्यापुढं तरी कबूल करतो. त्या दिवशी काउंटरवर तुम्ही 'व्हय' म्हणालात तेव्हा मला लाज वाटली नव्हती. ती लई नंतर आली. तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. आत जाऊन, तिच्या शेजारी बसून, मी तुमचा समोसा तिच्याबरोबर अर्धा अर्धा खाल्ला. अजून गरम होता. मला चांगला लागला.